सामायिक हत्यार बदलताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि ललित लेखन अशा विषयांच्या पंगतीत आमचा विषय जरा अवघडून बसला आहे, याची आम्हांला पुरेपूर जाणीव आहे. ‘वेब प्रोग्रामिंगच्या एका लायब्ररीची आवृत्ती सॉफ्टवेअरच्या भांडारात बदलणे’ हे शीर्षक आम्ही कळविले, तेव्हा चिटणिसांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “हे मराठीत सांगता येईल ना?” येईल, असे आम्ही म्हणालो आणि त्या शब्दाला जागण्यासाठी आज आपणांसमोर उभे आहोत. आम्ही म्हणजे याच शहरात दिवसा नोकऱ्या करणारी आणि रात्री किंवा रविवारी या कामाला हातभार लावणारी चार-पाच माणसे. आमच्यातील एक बोलत असला तरी अनुभव सर्वांचा आहे.

‘लायब्ररी’ या शब्दाचे भाषांतर आम्ही मुद्दाम करीत नाही. ग्रंथालय म्हटले की वाचून परत करण्याची वस्तू डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. वारंवार लागणारी कामे कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवतो, आणि इतरांच्या आज्ञावल्या त्याला हाक मारून ते काम करून घेतात. सुतार प्रत्येक खुर्चीसाठी नवा रंधा घडवीत नाही, इतकीच ही गोष्ट आहे. योगायोग असा की ज्या लायब्ररीविषयी आम्ही बोलणार आहोत तिचे नावच मुळी ‘वेर्कझॉइग’, म्हणजे जर्मन भाषेत हत्यार, असे आहे. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी २००७ च्या सुमारास पायथॉन या संगणकभाषेत ती लिहिली. टपालखात्यातील सॉर्टर जे करतो तेच काम ती करते. ब्राउझरकडून आलेले पाकीट उघडायचे, पत्ता वाचायचा, आतील मजकूर वेगळा करायचा, आणि उत्तर पुन्हा नियमाप्रमाणे पाकिटात घालून रवाना करायचे.

हिच्या खांद्यावर ‘फ्लास्क’ नावाची दुसरी, अधिक प्रसिद्ध चौकट उभी आहे. तिचा जन्म गमतीचा आहे. १ एप्रिल २०१० रोजी रोनाखर यांनी थट्टा म्हणून एक खोटीच चौकट जाहीर केली. लोकांनी ती खरी मानली, आणि त्या अनपेक्षित स्वागतातून त्याच वर्षी खरी चौकट निघाली. आधीच ‘बॉटल’ नावाची एक चौकट होती, म्हणून ही फ्लास्क! पाने रचण्यासाठी जोडीला ‘जिंजा’ आहे. जिंजा म्हणजे जपानी देवस्थान. इंग्रजीत साचा आणि देऊळ या अर्थांचे शब्द कानाला जवळचे वाटतात, त्यावरची ही कोटी आहे. कोट्या करण्याचा मक्ता केवळ मराठी माणसाकडे नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू. वेर्कझॉइगमध्ये ‘यूआरएल-कोट’ नावाचे एक लहानसे कार्य होते. त्याचा आपल्या लिपीशी थेट संबंध आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. वेबवरील पत्त्यात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढ्यांनाच मूळ रूपात प्रवेश आहे. बाकी सर्वांनी वेष पालटून जायचे. देवनागरीतील ‘म’ हे अक्षर संगणकाच्या आजच्या सर्वमान्य लेखनपद्धतीत तीन बाइटांत साठविले जाते. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटाच्या जागी टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे दोन चिन्हे येतात. म्हणजे एकट्या ‘म’ साठी टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का ए-ई अशी नऊ चिन्हे झाली. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणा आहेत. त्यांची होतात पंचेचाळीस चिन्हे. मराठी विकिपीडियावरील लेखाचा पत्ता मोबाइलवरून कुणाला पाठविला की टक्क्यांची लांबलचक माळ उमटते आणि घेणारा विचारतो, “हे काय पाठवलंस?” ती माळ म्हणजे आपली मायबोलीच, प्रवासाच्या वेषात.

हा वेष चढविण्याचे काम ‘यूआरएल-कोट’ करीत असे. पायथॉन भाषेच्या स्वतःच्या संचातही या कामाची सोय होती. मग वेर्कझॉइगने निराळी का केली? कारण पायथॉनच्या दुसऱ्या पिढीत ती सोय रोमन लिपीबाहेरच्या युनिकोड मजकुरापुढे अडखळत असे. तिला मराठी अक्षर दिले तर काम तेथेच थांबे आणि पदरी चूक येई. म्हणून वेर्कझॉइगच्या कर्त्यांनी स्वतःचे कार्य लिहिले. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत (ती डिसेंबर २००८ मध्ये आली) ही उणीव मुळातच दूर झाली. दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि मे २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वेर्कझॉइगनेही तिचा आधार सोडला. आता हे जादा कार्य ठेवायचे कशाला, असा प्रश्न कर्त्यांना पडला, तो रास्तच होता. जपून ठेवलेली प्रत्येक ओळ तपासावी लागते, आणि तिच्यातील दोषाची जबाबदारी घ्यावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये २.३ ही आवृत्ती निघाली. तिने सूचना दिली की ही कार्ये जाणार आहेत, पायथॉनची वापरा. ३० सप्टेंबर २०२३ रोजी ३.० निघाली आणि ती कार्ये गेली.

पाच महिन्यांची पूर्वसूचना! संस्थेच्या नोटीसफलकाच्या मानाने ती भरपूर वाटेल. परंतु येथे एक मेख आहे. पायथॉन अशा सूचना नेहमीच्या वापरात दाखवीतच नाही. सामान्य वापरकर्त्याला त्रास नको म्हणून त्या मुद्दाम दडविल्या जातात. चाचण्या चालविणाऱ्यालाच त्या दिसतात. म्हणजे नोटीस लागली खरी, पण बंद खोलीत. ज्यांच्या आज्ञावलीला चाचण्याच नाहीत त्यांनी ती कधी पाहिलीच नाही.

याचा प्रत्यय आम्हांला त्याच ऑक्टोबर महिन्यात आला. येथील एका संस्थेतून दूरध्वनी आला. त्यांची नावनोंदणीची आज्ञावली एका कंत्राटदाराने फ्लास्कवर करून दिली होती. ती नव्या यंत्रावर बसविली आणि सुरूच होईना. पलीकडचे गृहस्थ काकुळतीला येऊन सांगत होते, “अहो, आम्ही एक अक्षरही बदललेलं नाही!” ते खरेच बोलत होते. त्यांनी फ्लास्कची आवृत्ती २.२ अशी बांधून ठेवली होती. पण फ्लास्क २.२ ची स्वतःची मागणी एवढीच होती की वेर्कझॉइग २.२.२ किंवा त्यापुढची असावी. पुढची किती, याला वरची मर्यादा नव्हती. नव्या यंत्राने इमानेइतबारे सर्वांत पुढची म्हणजे ३.० आणली, आणि फ्लास्कने पहिल्याच पावलाला ‘यूआरएल-कोट’ला हाक मारली. हाकेला ओ द्यायला घरात कुणी नव्हते. त्या महिन्यात हीच तक्रार घेऊन जगभर माणसे डोके धरून बसली होती. ‘फ्लास्क-लॉगिन’ हे प्रवेशपरवान्याचे लोकप्रिय जोडसाधनही अशाच एका गेलेल्या कार्यावर अवलंबून होते. त्याचे कर्ते जागे होते. त्यांनी ऑक्टोबरातच नवी आवृत्ती काढली.

आता हीच घटना एखाद्या मोठ्या सार्वजनिक भांडारात कशी हाताळली जाते, ते पाहू. उदाहरण आम्ही डेबियनचे घेतो. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. डेब्रा आणि इयन ही दोन नावे सांधून त्याचे नाव झाले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे नीट बांधलेले, आपल्याला आणखी काय काय लागते याची यादी सोबत घेऊन फिरणारे सॉफ्टवेअरचे गाठोडे. हे सारे सांभाळणारी माणसे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. डेबियनची बसवणी मराठीतूनही करता येते, हे येथे अभिमानाने नमूद करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे वार्षिक संमेलन आपल्या देशात, कोचीला भरले होते, तेही वेर्कझॉइगच्या या स्थित्यंतराच्या जेमतेम दोन आठवडे आधी.

या भांडाराचा एक कडक दंडक आहे. साधारणपणे एका लायब्ररीची एकच आवृत्ती ठेवायची, आणि सर्वांनी तीच वापरायची. आपल्या मंडळाकडे लग्नकार्यासाठी सामायिक भांडी आहेत. मोठे पातेले एकच. त्याला दोन कड्या आहेत, म्हणून कुणी त्यात बांबू घालून उचलतो, कुणी फडके बांधून. उद्या भांडीप्रमुखांनी अधिक चांगले, पण बिनकड्यांचे पातेले आणले, तर बांबूवाल्यांना आधी विचारले पाहिजे की नाही? विचारायचे तर ते कोण आहेत हे ठाऊक हवे. डेबियनमध्ये ते ठाऊक असते, कारण प्रत्येक गाठोड्यावर यादी आहे. वेर्कझॉइगला कोण कोण धरून आहे, हे एका आज्ञेसरशी कळते.

म्हणून नवी आवृत्ती आधी ‘प्रायोगिक’ नावाच्या बाजूच्या खोलीत ठेवतात. मग तिच्यावर विसंबणारे एकेक पॅकेज घेऊन ते तिच्यासह बांधून पाहायचे, त्याच्या चाचण्या चालवायच्या, आणि मोडले तर त्याच्या सांभाळकर्त्याला रीतसर दोषपत्र धाडायचे. पुरेसे सावरले की नवी आवृत्ती ‘सिड’मध्ये येते. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देतात, आणि सिड हे त्यातील खेळणी मोडणाऱ्या पोराचे नाव. जेथे वस्तू मोडणे अपेक्षितच आहे त्या दालनाला याहून समर्पक नाव आम्हांला सुचत नाही. तेथे काही दिवस राहून, अवलंबितांच्या चाचण्या बिघडल्या नाहीत तरच ती ‘परीक्षाधीन’ दालनात जाते. एकाची चाचणी जरी नव्याने मोडली तरी यंत्र वाट अडविते. मग कुणीतरी माणूस त्यात लक्ष घालतो.

ही दुरुस्ती बाहेरून फारच सोपी दिसते. जुने नाव खोडा, पायथॉनमधील ‘कोट’ हे नाव लिहा, झाले! पण तसे करणाऱ्याला आम्ही सबुरीचा सल्ला देतो. वेर्कझॉइगचे कार्य तिरपी रेघ आणि विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह अशा दोहोंना मूळ रूपात जाऊ देई. पायथॉनचे कार्य न सांगता फक्त तिरप्या रेघेला जाऊ देते; दोन टिंबांना वेष चढविते. त्याच आज्ञावलीची पुढची पायरी ती दोन टिंबे शोधत असेल तर तिला ती सापडणार नाहीत. उलट दिशेचे उदाहरण याहून फसवे आहे. कुणी अर्ज भरला, नाव लिहिले आणि ‘दूरध्वनी’चा रकाना कोरा सोडला. वेर्कझॉइगचे वाचनकार्य हा कोरा रकाना ‘आहे, पण रिकामा’ म्हणून सांगत असे. पायथॉनचे समकक्ष कार्य, वेगळे सांगितले नाही तर, तो रकाना गाळूनच टाकते. ‘रिकामा आहे’ आणि ‘नाहीच’ या दोहोंत फरक असतो हे कुठल्याही कारकुनाला विचारा. या बदलाने आज्ञावली बंद पडत नाही. ती सुरू राहते आणि निराळे उत्तर देते, आणि ते कळायला महिने लागतात. म्हणूनच दुरुस्तीची ओळ लिहायला दोन मिनिटे आणि ती बरोबर आहे अशी खात्री करायला अख्खा रविवार, असे हे प्रमाण पडते.

सर्वांत जड काम मात्र तांत्रिक नाही. अवलंबितांच्या यादीत असे एखादे पॅकेज निघते की ज्याच्या मूळ कर्त्याने चार-पाच वर्षांत काही लिहिलेले नाही. पत्राला उत्तर नाही. वापरणारे थोडे, पण आहेत. त्याच्यासाठी सर्वांना थांबवावे, की आपणच ठिगळ लावून ते चालवावे, की भांडारातून काढून टाकावे? डेबियनमध्ये अशा मोडक्या पॅकेजाला मुदत मिळते, आणि मुदतीत कुणी हात लावला नाही तर ते पुढच्या आवृत्तीच्या यादीतून आपोआप गळते. व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. तरीही ‘काढावे’ असे मत देताना आमच्यात प्रत्येक वेळी वाद झाला आहे. ठिगळ लावणे म्हणजे ते पोर दत्तक घेणे होय, असे आमच्यातील एकाचे म्हणणे, कारण पुढच्या वेळीही पत्र आपल्यालाच येणार. दुसऱ्याचे म्हणणे असे की वापरणारा कुठेतरी तालुक्याच्या गावी एकटा बसलेला असतो. त्याला वाद घालायला येथे जागाच नाही, तर त्याची बाजू आपण नको का धरायला? आमचा कौल बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बाजूने पडला. त्यामुळे किती रविवार गेले याचा हिशेब आमच्या घरच्या मंडळींकडे आहे.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक आज्ञावलीने आपल्याला हवी ती प्रत स्वतःच्या पोटात ठेवावी, म्हणजे कुणी कुणाला विचारायला नको. हा विचार आज पुष्कळांना पटतो, आणि घाईच्या कामात आम्हीही त्याचा आधार घेतो. पण डिसेंबर २०२१ ची आठवण ठेवावी. जावा भाषेतील ‘लॉग-फोर-जे’ या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत भयंकर दोष सापडला. दुरुस्ती लवकर निघाली. परंतु ती कुठे लावायची हेच अनेकांना ठाऊक नव्हते, कारण प्रती असंख्य आज्ञावल्यांच्या पोटात, गाठोड्याच्या आतील गाठोड्यात दडलेल्या होत्या. सामायिक पातेल्याला भोक पडले तर ते एकदाच बुजवावे लागते. घरोघरी पातेली वाटली असतील तर आधी घरे शोधत फिरा! एकाच प्रतीचा दंडक बदलाच्या वेळी जाच वाटतो हे मान्य आहे, पण त्या जाचातूनच कोण कोणावर विसंबून आहे याची खरी वही तयार होते. आमच्या मते ती वही या साऱ्या श्रमांचे मोल फेडते.

‘स्थिर’ आवृत्तीची तऱ्हा आणखी निराळी. १० जून २०२३ रोजी निघालेल्या डेबियन १२ मध्ये वेर्कझॉइग २.२.२ होती, त्याआधीच्या ११ मध्ये १.०.१. एकदा स्थिर झाल्यावर त्यांत नवी आवृत्ती सहसा येत नाही. पण दोष कुणासाठी थांबत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मूळ कर्त्यांनी २.२.३ काढून एक दोष बुजविला. अर्जातून असंख्य तुकडे पाठवून कुणीही दुष्ट माणूस यंत्राला दमवून टाकू शकत होता, असा तो दोष. तेव्हा डेबियन ११ साठी काय केले असेल? नवीन वस्त्रातील तेवढाच तुकडा कापून तो १.०.१ च्या जुन्या वस्त्राला शिवला. धागा वेगळा, वीण वेगळी, तरी शिवण दिसता कामा नये. गंमत अशी की वरचा आकडा १.०.१ हाच राहतो. शेपटीला एक बारीक खूण तेवढी वाढते. मग एखाद्या कार्यालयाचा तपासनीस केवळ आकडा पाहून ‘ही आवृत्ती धोकादायक’ असा शेरा मारून मोकळा होतो, आणि त्याची समजूत घालण्यात आणखी एक संध्याकाळ जाते.

वेर्कझॉइगपुरते सांगायचे तर ते स्थित्यंतर पार पडले आहे. डेबियन १३ मध्ये वेर्कझॉइग आणि फ्लास्क दोन्ही ३.१ च्या घरात आहेत, आणि ‘मराठी’ची पंचेचाळीस चिन्हे आता पायथॉनचे कार्य बिनबोभाट करून देते. मात्र ज्या पायथॉनच्या भरवशावर वेर्कझॉइगने आपले कार्य सोडले, त्या पायथॉननेही ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत ‘सीजीआय’ नावाचा, वेबच्या आरंभकाळापासूनचा आपला जुना संच काढून टाकला. डेबियन १३ याच पायथॉनवर उभे आहे. तेव्हा अर्ज वाचण्यासाठी त्या संचाला हाक मारणाऱ्या जुन्या आज्ञावल्या शोधणे, हे आमचे सध्याचे रविवारचे काम आहे.

सभागृहाच्या मागच्या बाजूला, भांड्यांच्या कपाटाशेजारी, आम्ही एक संगणक मांडून ठेवला आहे. त्यावर अशाच एका पॅकेजाच्या चाचण्या चालू आहेत. सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलामुलींनी मघाशी हात वर केले त्यांनी चहा झाल्यावर तेथे यावे. मोठ्यांनाही अर्थातच मज्जाव नाही. तीन चाचण्या लाल दाखवीत आहेत, आणि त्यांतील एक कोऱ्या रकान्याची असावी असा आमचा संशय आहे.